‘बाई, तो परत आऊट झाला!’

कळव्याहून एका शिक्षिकेचं पत्र आलं आहे. वय २७, मराठी माध्यमाची खासगी शाळा, मोठ्या शिशूचा वर्ग. मुलं ३८. मदतीला एक मावशी, तीही दोन वर्गांत मिळून. खिडकी रुळांकडे उघडते, त्यामुळे लोकल आली की बोलणं थांबवावं लागतं. दिवाळीनंतर एका प्रशिक्षणात त्यांना सांगण्यात आलं की मुलांना स्वतःवर ताबा ठेवायला शिकवायचं असेल तर खेळांतून शिकवा. त्यांनी उत्साहानं ‘स्टॅच्यू’, ‘शिवाजी म्हणतो’ आणि संगीत खुर्ची सुरू केली. पंधरा दिवसांत वर्ग शांत व्हायच्या ऐवजी जास्तच उधळला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आधी वर्ग ताब्यात घ्या, मग खेळ.” पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी लिहिलं, “पहिलीत जायचंय, लिहून कधी घेणार?” त्यात एक मुलगा असा की दर खेळात तो पहिला आऊट होतो आणि मग बाजूला बसून पळणाऱ्यांच्या पायात पाय घालतो. त्यांचे प्रश्न तीन. खेळ बंद करावेत का? त्या मुलात काही दोष आहे का? आणि खेळांऐवजी चांगलं वागणाऱ्याला स्टार द्यायला सुरुवात केली तर?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती आणि ‘शांत’ हा शब्द दिसला की खाली रेघ मारत गेले. चार पानांत अकरा रेघा झाल्या. वर्ग शांत होत नाही, खेळानंतर मुलं शांत बसत नाहीत, शेजारच्या बाईंचा वर्ग बघा कसा शांत असतो. मुलांना स्वतःला आवरता यावं म्हणून तुम्ही खेळ सुरू केलेत, आणि ते जमलं की नाही हे मोजताय मात्र आवाजावर. माझं पहिलं म्हणणं तिथेच आहे.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ आपण सगळ्याच म्हणत आलो. ठाण्यात एकतीस वर्षं बालवर्ग घेतले, मीही म्हटलं. म्हटलं की वर्ग गप्प होतो, यात वाद नाही. पण एकदा करून बघा. वर्ग अगदी चिडीचूप असताना दाराबाहेर जाऊन उभ्या राहा आणि मनात वीसपर्यंत मोजा. आत जो बाजार भरेल, त्यावरून कळेल की ती बोटं मुलांनी धरलेली नव्हती, तुम्ही धरलेली होती. मुलानं स्वतःला आवरणं म्हणजे तलावपाळीला बोटीच्या रांगेत पुढच्याला न ढकलता उभं राहणं. उत्तर येत असूनही मैत्रिणीचं बोलणं संपू देणं. रागानं वर गेलेला हात मध्येच थांबवणं. हे करताना मूल गप्प असेलच असं नाही. पाच वर्षांचं मूल स्वतःला आवरताना पुष्कळदा मोठ्यानं बोलत असतं, “माझा नंबर नंतर आहे, माझा नंबर नंतर आहे.” त्याला तेव्हा ‘गप्प बस’ म्हणालात, तर ज्या काठीच्या आधारानं ते उभं आहे तीच काढून घेतल्यासारखं होईल.

आता खेळांकडे येते. प्रशिक्षणात ‘खेळातून शिकवा’ एवढंच सांगून सोडलं असेल, तर अर्धंच सांगितलं. मुलं दमली म्हणजे शिकली असं होत नाही. तळ्यात-मळ्यात घ्या. जमिनीवर खडूची एक रेघ, अलीकडे मळा, पलीकडे तळं. तुम्ही ‘तळ्यात’ म्हणता, सगळी उडी मारतात. ‘मळ्यात’, परत. तळ्यात, मळ्यात, तळ्यात, मळ्यात अशी लय लागते, पाय आपोआप उडायला लागतात, आणि नेमकं तेव्हा तुम्ही पुन्हा एकदा ‘मळ्यात’च म्हणता. एखादी मुलगी बघा त्या क्षणी. टाचा उचललेल्या, अंग पुढे गेलेलं, दोन्ही हात बाजूला पसरून ती रेघेच्या अलीकडेच डगमगतेय, ओठ घट्ट मिटलेत, आणि मग टाचा हळूच खाली येतात. त्या अर्ध्या सेकंदासाठी हा सगळा खटाटोप असतो. तिनं नियम डोक्यात धरून ठेवला आणि निघालेलं अंग मागे ओढलं. दुसऱ्या दिवशी सांगा, “आज उलटं! तळ्यात म्हटलं की मळ्यात उभं राहायचं.” आता कालची सवयही सोडून द्यावी लागते. लक्षात ठेवणं, थांबणं, बदलणं, या तीन गोष्टी ज्या खेळात आहेत तो तुमच्या कामाचा. नुसती पळापळ चांगली आहे, मुलांना ती हवीच, पण तिच्याकडून या कामाची अपेक्षा करू नका.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या शॉना टोमिनी आणि मेगन मॅक्लेलंड यांनी अशाच खेळांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. ६५ मुलं, आठ आठवडे, लहान गटांत एकूण सोळा वेळा खेळ. गाणं थांबलं की जागच्या जागी थिजायचं. ढोल हळू वाजला की हळू चालायचं, जोरात वाजला की भरभर, आणि मग नियम उलटा. एका रंगाला थांबायचं शिकवायचं आणि थोड्या वेळानं तोच रंग म्हणजे निघा असं करायचं. फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. ज्या मुलांना सुरुवातीला स्वतःला आवरणं सगळ्यात कमी जमत होतं, त्यांनी खेळांमुळे स्पष्ट प्रगती केली. ज्यांना आधीच जमत होतं, त्यांच्यात खेळांमुळे फारसा फरक दिसला नाही.

हे वाचून तुमची संगीत खुर्ची डोळ्यांसमोर आणा. ३८ मुलं, ३७ खुर्च्या, दर फेरीला एक आऊट. तुमचा तो मुलगा एक फेरी खेळतो आणि भिंतीला जाऊन बसतो. शेवटची दोन मुलं ३७ फेऱ्या खेळतात. म्हणजे ज्यांना सरावाची गरज नाही त्यांना ३७ वेळा सराव, आणि ज्याच्यासाठी तुम्ही हा सगळा घाट घातलात त्याला एकदाच. वर ३६ फेऱ्यांएवढा रिकामा वेळ. त्या वेळात पाच वर्षांचा मुलगा पायात पाय घालेल नाहीतर काय करेल?

हे तुम्हाला खिजवायला सांगत नाही. मी स्वतः तेच केलंय. पहिल्या वर्षी ढोलकीवर संगीत खुर्ची घेतली होती. एक नाजूकशी मुलगी पहिल्याच फेरीत बाहेर गेली. तिथे खिडकीचा रुंद कट्टा होता, त्यावर जाऊन बसली, फ्रॉक गुडघ्यांवर ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी मी खुर्च्या लावायला लागले तशी ती आपणहून कट्ट्यावर जाऊन बसली. “अगं, ये ना!” तर म्हणाली, “मी खेळत नाही बाई, मी बघते.” मार्चपर्यंत ती बघतच होती. मला वाटत होतं मुलगी शहाणी आहे, त्रास देत नाही. आपल्या चुकीचं काय झालं हे त्या मुलीकडे बघून कळायला मला पुढची दोन वर्षं लागली.

आणि यावरचा उपाय आपल्या गल्ल्यांनी कधीचाच काढून ठेवलाय. कच्चं लिंबू! धाकट्या भावाला खेळात घ्यायचं, त्यानं सगळं करायचं, पण त्याच्यावर राज्य नाही आणि तो बाद नाही. लिंबूटिंबू चुकतं, हसतं, पुन्हा रांगेत येतं, आणि वर्षभरात कधी पक्कं झालं ते कुणालाच कळत नाही. तुमच्या वर्गात आख्खा वर्गच कच्चं लिंबू करून टाका. एकट्या त्या मुलाला करू नका, पाच वर्षांच्या मुलाला त्यातला अपमान बरोब्बर कळतो. नियम असा ठेवा: जो चुकेल त्यानं स्वतःच्या डोक्यावर टपली मारायची, ‘पुन्हा!’ म्हणायचं आणि खेळत राहायचं. ‘आऊट’ हा शब्दच वर्गातून काढून टाका. मुलं तो एकमेकांवर फेकतात. ‘बाई, तो परत आऊट झाला!’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय, आणि त्या मुलानं ते किती वेळा ऐकलं असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

जागेचं आणि संख्येचं दुखणं खरं आहे. ओरेगनचे खेळ लहान गटांत झाले, तुमच्याकडे एका खोलीत ३८. म्हणून सुरुवात बसल्या खेळानं करा. चिमणी उड. सगळ्यांनी बोट बाकावर टेकवायचं. “चिमणी उड!” बोट वर. “कावळा उड! पोपट उड! म्हैस उड!” आमच्या लहानपणी म्हैस उडवणाऱ्याला पाठीत धपाटा मिळायचा, तेवढा भाग सोडून द्या. म्हैस उडवणाऱ्या बोटाला आपणच ‘बस खाली’ म्हणायचं. जागा लागत नाही, आवाज आटोक्यात राहतो, कुणी कुणाला ढकलू शकत नाही. चार दिवसांनी उलटं करा: उडणारं म्हटलं की बोट खाली, न उडणारं म्हटलं की वर. मोठ्यांचीही भंबेरी उडते. मग तळ्यात-मळ्यात, पण अर्ध्या वर्गाचं. उरलेले अर्धे टाळ्यांचा ठेका धरतील आणि पाच मिनिटांनी अदलाबदल. मावशी ज्या वेळी तुमच्याकडे असतात, तीच वेळ या खेळाला ठेवा. ‘शिवाजी म्हणतो’ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत थांबवा. त्यात ऐकायचं जास्त असतं, आणि ज्यांच्या घरी मराठी बोलत नाहीत अशी मुलं तुमच्या वर्गात असणारच. ती भाषेमुळे चुकतात आणि आपण ‘लक्ष नाही’ म्हणतो.

वेळ दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. अर्धा तास एकदम नको. आणि उधळणारा खेळ शेवटी ठेवू नका. तुम्ही संगीत खुर्ची संपवून लगेच पाटी काढायला सांगता, तेव्हा मुलांच्या अंगात ती खुर्ची अजून फिरत असते. शेवटची दोन मिनिटं हळूहळू खाली आणा: मोठ्यानं म्हणत असलेलं बडबडगीत हळू, मग कुजबुजत, मग नुसते ओठ हलवत.

तुमच्या खिडकीचा मला हेवा वाटतो, खरंच. लोकलमुळे शिकवणं थांबतं अशी तक्रार केलीत, पण दिवसभरात इतक्या वेळा आपोआप वाजणारी घंटा दुसऱ्या कोणत्या बालवर्गाला मिळते? मुलांना सांगा, आपला वर्ग म्हणजे दिवाळीतला किल्ला. गाडीचा आवाज आला की आपण सगळे किल्ल्यावरचे मातीचे मावळे. शेवटचा डबा जाईपर्यंत मावळा हलत नाही. गाडी गेली की पुन्हा मुलं. यामागे एक जुनी गोष्ट आहे. सोव्हिएत रशियात मनुइलेन्को नावाच्या संशोधिकेनं १९४८ साली नोंदवलं की लहान मुलांना नुसतं ‘हलू नकोस’ सांगितलं तर ती थोडा वेळ थांबतात, पण ‘तू पहारेकरी आहेस’ असं सांगून खेळात घेतलं की कितीतरी जास्त वेळ थांबतात. मूल तेच, पायही तेच. फरक एवढाच की पहारेकऱ्याला न हलण्याचं कारण असतं. तुमच्याकडे तर लोकल येईपर्यंत कान देऊन बसणं आणि ती जाईपर्यंत थांबणं असे दोन्ही भाग आहेत. फक्त एक करा, मावळ्यांमध्ये तुम्हीही उभ्या राहा. तेवढ्यात वह्या तपासू नका.

शांततेचाच खेळ हवा असेल तर तोही आहे, आणि तो आपल्या भागाला नवा नाही. मॉण्टेसोरी बाईंच्या पद्धतीत मुलं डोळे मिटून बसतात, बाई दाराबाहेर जाऊन एकेकाचं नाव अगदी कुजबुजत्या आवाजात घेते, आणि ज्याचं नाव आलं ते मूल खुर्चीचाही आवाज न करता उठून तिच्याकडे जातं. ताराबाई मोडकांनी ही पद्धत आपल्या मातीत रुजवली, १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या साथीनं. तेव्हा ते सगळं ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथं आदिवासी पाड्यांवरची मुलं होती, खेळणी विकत आणायला पैसे नव्हते, म्हणून खडे, पानं, बिया, शिंपले हेच साहित्य झालं. त्यामुळे ‘आमच्याकडे सोयी नाहीत’ हे कारण मी फार मनावर घेत नाही, रागावू नका. ३८ नावं घ्यायला वेळ लागेल, तर रोज आठ घ्या. नाव कधी येईल हे ठाऊक नसताना वाट बघणं हा सगळ्यात अवघड सराव आहे, म्हणून हा खेळ दुसऱ्या महिन्यात.

आता तो मुलगा. तुम्ही विचारलंत, ‘दोष आहे का?’ पत्रावरून मला एवढंच कळतं की तो खेळात पहिला चुकतो. तो का चुकतो हे पत्रात नाही, कारण ते तुम्हीही अजून पाहिलेलं नाही. दोन आठवडे त्याच्यासाठी एक छोटी वही करा. किती वाजता बिनसतं? डब्याच्या आधी की नंतर? सोमवारी जास्त का? रात्री किती वाजता झोपतो, सकाळी काही खाऊन येतो का, हे आईला सहज विचारा, तक्रारीच्या सुरात नको. आणि एक गोष्ट आधी बघा: त्याला ऐकू नीट येतं ना? सतत सर्दी असलेल्या मुलाच्या कानात पाणी साचू शकतं, मग समोर बसून बोललं तर ऐकू येतं आणि गलबल्यात हाक गेली की निसटते. तो दुसऱ्यांचं बघून उडी मारत असेल तर दर वेळी क्षणभर उशिरा पोचणार आणि चुकणार. त्याच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात नाव घेऊन बघा. शंका आली तर कान तपासून घ्यायला सांगा, सरकारी रुग्णालयातही होतं हे काम.

मग त्याच्या हातात डफ द्या. डफ वाजला की चालायचं, थांबला की थिजायचं, आणि कधी थांबायचं हे तो ठरवणार. वर्गाला थांबवायचं असेल तर आधी स्वतःचा हात थांबवावा लागतो, हे त्याला कुणी सांगायची गरज नाही. पहिल्या दिवशी तो न थांबता बडवत सुटेल, मुलं दमून बसतील. बसू द्या. दुसऱ्या दिवशी विचारा, “अरे, तू थांबलाच नाहीस, मग त्यांना थिजायची मजा कशी येणार?” रोज त्यालाच देऊ नका, बाकीच्यांच्या डोळ्यांवर येईल. आठवड्यातून दोनदा पुरे. सहा आठवड्यांनीही वर्गात, घरी, सोसायटीत, सगळीकडे तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वागत असेल, तर वही घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जायला आईवडिलांना सांगा. तोवर ‘हायपर आहे’ हा शब्द ना स्टाफरूममध्ये, ना त्याच्या आईसमोर. पाच वर्षांच्या मुलाला चिकटलेला शब्द दहावीपर्यंत त्याच्यामागे फिरताना मी पाहिलाय.

स्टारचा प्रश्न. गट करून गुण द्यायची पद्धत जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या कॅन्सासमध्ये चौथीच्या वर्गाचे दोन गट पाडून, नियम मोडला की गटाच्या नावावर खूण, आणि कमी खुणा असलेला गट जिंकला, असा खेळ करून बघितला होता. गोंधळ झपाट्यानं कमी झाला आणि पुढे ती पद्धत जगभर गेली. मी ती वाईट म्हणणार नाही. पण तुमच्या वर्गात, तुमच्या त्या मुलासकट, ती मी आज सुरू करणार नाही. त्याच्यामुळे गट हरला की पहिल्याच आठवड्यात त्याला कुणी शेजारी बसू देणार नाही. एकेकट्याला स्टार दिलेत तर शुक्रवारपर्यंत त्याच आठ मुलांच्या वह्यांवर चांदणं पडलेलं दिसेल. द्यायचंच तर आख्ख्या वर्गाला मिळून द्या: सगळे मावळे नीट उभे राहिले की बरणीत एक चिंचोका, बरणी भरली की मैदानावर जास्तीची पंधरा मिनिटं.

पण हे सांगताना मला भीती दुसरीच वाटते. तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात: ‘शनिवारी मैदानावर नेते म्हटलं होतं, पण अभ्यास राहिल्यामुळे नेता आलं नाही, तरी मुलांनी किती गोंधळ घातला.’ ताई, तो गोंधळ मला बरोबर वाटतो. एक मार्शमेलो, म्हणजे मऊ गोड खाऊ, आत्ता की थांबलास तर दोन, हा स्टॅनफर्डचा वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग सगळ्यांनी ऐकलेला असतो. प्रशिक्षणात तुम्हाला तो दाखवलाही असेल. अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठात त्याच्या आधी एक पायरी जोडली, ते २०१३ साली छापून आलं. २८ मुलं. त्यांना सांगितलं, थांबा, चांगले रंग आणून देते. निम्म्यांना खरंच आणून दिले. निम्म्यांना सांगितलं, माफ करा, नाहीयेत. मग स्टिकरच्या बाबतीत पुन्हा तसंच. त्यानंतर मार्शमेलो. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांचा मोडला होता ती ३ मिनिटं. या दुसऱ्या मुलांचा ताबा कमी होता म्हणायचं की ती हुशार होती? ज्या घरात ‘उद्या आणतो’ म्हणजे कधीच नाही, तिथलं मूल आज मिळालेलं आजच खाणार. म्हणून बरणी ठेवणार असाल तर ती भरेल त्या दिवशी मैदानावर न्यायचंच, लिहायचं राहिलं तरी. ते जमणार नसेल तर बरणीच नको. आणि त्या शनिवारची मैदानावरची वेळ या आठवड्यात देऊन टाका, ‘राहिली होती’ असं सांगून.

मुख्याध्यापिकांशी वाद घालू नका. तुमची बाजू खरी असली तरी त्यांना रोज शेजारच्या वर्गाची तक्रार ऐकावी लागते. त्यांना आवाजापेक्षा दुसरं काहीतरी मोजून दाखवा. डब्याआधी हात धुवायच्या नळाची रांग हा माझा आवडता मापदंड आहे. ३८ मुलांचे हात धुऊन व्हायला किती मिनिटं लागली आणि किती वेळा ‘बाई, ह्यानं ढकललं’ आलं, एवढे दोनच आकडे रोज लिहा. एक सावधगिरी घ्या. खेळात थांबायला शिकलेलं मूल नळावर आपोआप थांबत नाही, हे सगळ्यांनाच अनुभवाला येतं. दोन्ही जोडून द्यावं लागतं. रांगेतच चिमणी उड घ्या. किंवा म्हणा, “आत्ता नळ म्हणजे तळं, तुम्ही मळ्यात, नाव येईल तोच तळ्यात.” गोष्ट सांगताना जोड्या पाडून एकाच्या हातात कानाचं चित्र आणि दुसऱ्याच्या हातात ओठांचं चित्र द्या. कानवाला ऐकणार, ओठवाला बोलणार, मग चित्रं बदलायची. शब्दांनी ‘मध्ये बोलू नकोस’ शंभरदा सांगून जे होत नाही ते हातात कान असला की होतं. का, ते विचारू नका, होतं खरं.

पालकांच्या ग्रुपवर उत्तर लिहू नका, तिथे कुणाचंही मत कधी बदललेलं नाही. एका शनिवारी अर्ध्या तासासाठी बोलवा आणि त्यांनाच उलटं तळ्यात-मळ्यात खेळायला लावा. बाबालोक दुसऱ्या मिनिटाला चुकतील, मुलं खिदळतील. मग सांगा की ‘ब’ काढताना आधी गोल, मग दांडी, मग पोटातली रेघ, हा क्रम डोक्यात धरून, बाहेर काय चाललंय तिकडे न बघता, हात ओळीवर थांबवावा लागतो. ते थांबणं इथून येतं. कुणी जास्तच ताणलं तर २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरण आणि २०२२ साली आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा, दोन्ही ३ ते ८ वयाच्या मुलांना खेळातूनच शिकवायला सांगतात, एवढं मुख्याध्यापिकांच्या तोंडून येऊ द्या. तुम्ही बोललात तर नवी बाई शिकवायला आली असं होईल.

राहिला पहिला प्रश्न. खेळ बंद करू नका, संगीत खुर्ची मात्र बंद करा. आठवडाभर फक्त चिमणी उड आणि मावळे, बाकी काही नाही. आठ आठवडे दम धरा. पंधरा दिवसांत वर्ग बदलेल असं कुणी सांगितलं असेल तर त्यांनी ३८ मुलं एका खोलीत बघितलेली नाहीत. वर्ग उधळेल असे दिवस मध्ये येतीलच, गॅदरिंगच्या आठवड्यात तर हमखास. त्या आठवड्याचे आकडे वेगळ्या शाईनं लिहा.

खेळ सोमवारी सुरू करा. पण त्याआधी या गुरुवारी आणि शुक्रवारी, काहीही न बदलता, नळाची रांग मोजून ठेवा. मार्चमध्ये मुख्याध्यापिका विचारतील, “आधी किती वेळ लागायचा?”, आणि तो आकडा नंतर कुठूनही मिळत नाही.